दोघांनी मिळून जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला जायचं तर

पहिली तयारी आदल्या रात्री, बोलून करायची. बहुतेक जोडप्यांत एकाला गाड्यांचं वेड असतं आणि दुसरा सोबतीला येतो. आमच्यात वेड नवऱ्याला. म्हणून प्रत्येकाने आपापल्या दोन गाड्या ठरवायच्या. तिथे कितीही वेळ लागला तरी दुसऱ्याने घड्याळाकडे बघायचं नाही. हे ठरल्यापासून आमचा दिवस खरंच दोघांचा होतो.

मग कपडे. पट्ट्याचं मोठं बक्कल, पर्सची लोंबती साखळी, जॅकेटची धातूची बटणं घरीच राहू द्या. उघड्या बॉनेटमध्ये वाकून बघताना पोट नकळत मडगार्डला टेकतं आणि रंगावर केसासारखी बारीक रेघ उमटते. एकदा माझ्या पर्सची कडी अशीच एका गाडीला लागणार होती. मालकांनी चकार शब्द न काढता आपला तळहात मध्ये धरला. त्या गाडीवर त्यांनी किती वर्षं घालवली असतील, हे मला त्या हातावरून कळलं. अंगठ्यासुद्धा तेव्हापासून मी काढून ठेवते. बाकी पायाला रुळलेले बूट, टोपी, पाणी, भरलेला फोन.

थोडा अभ्यास करून जा, म्हणजे सोबतीला आलेल्यालाही बघायला काही असतं. फोक्सवॅगन बीटलच्या पुढच्या झाकणाखाली सामानाची जागा असते, इंजिन मागे. १९५९च्या मिनीत इंजिन आडवं बसवून गिअरबॉक्स त्याच्या खालीच घातला, म्हणून एवढ्याशा गाडीत चार माणसं मावतात. १९५४च्या मर्सिडीज ३०० एसएलचे दरवाजे पंखांसारखे वर उघडतात ते दिमाखासाठी नव्हे. तिचा नळ्यांचा सांगाडा दोन्ही बाजूंनी इतका उंच आहे की साधा दरवाजा बसलाच नसता. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीला तीन पेडल असतात, पण अ‍ॅक्सिलरेटर पायाशी नाही; तो स्टिअरिंगजवळच्या दांडीवर.

फोटोसाठी मोबाइलच्या लेन्सपुढे पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणारा गॉगल धरून हळूहळू फिरवा, काचेवरचं आभाळ पुसलं जातं. तोच गॉगल लावून मागच्या काचेकडे बघा. कडक केलेल्या काचेत डागांची नक्षी दिसते. ती आम्ही प्रत्येक गाडीत शोधतो. फोटो उभ्याने घेऊ नका, हेडलाइटच्या उंचीला बसा.

पोचायचं मात्र लवकर, गाड्या मैदानात येत असतानाच. चोक ओढलेलं थंड इंजिन आधी अडखळतं, खोकतं, पेट्रोलचा उग्र वास येतो आणि मिनिटाभरात ठोका एकसारखा होतो. दिवसभर पुन्हा हे ऐकायला मिळेलच असं नाही, कारण नंतर बहुतेक गाड्या बंदच उभ्या असतात.

मालकांशी बोलताना किंमत विचारू नका. ‘ही तुमच्याकडे कशी आली?’ एवढं विचारा आणि ऐका. कुणाच्या वडिलांची गाडी असते, कुणी ती गंजलेल्या पत्र्यापासून उभी केलेली असते. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, दारही उघडायचं नाही. आणि त्यांचा गाडीसोबत फोटो काढलात तर तो पाठवायला नंबर तिथेच मागून घ्या. गाडी पुसण्याच्या आणि दाखवण्याच्या गडबडीत त्यांचा स्वतःचा फोटो राहूनच गेलेला असतो.