घरच्या घरी बुलेव्हार्डिए, तेही जळगावच्या उन्हात

कडू-गोड झेपत असेल तरच पुढे वाचा भो. बुलेव्हार्डिए म्हणजे नेग्रोनी नावाच्या जिनवाल्या कॉकटेलचाच भाऊ, जिनच्या जागी व्हिस्की, १९२० च्या दशकातलं पॅरिसचं ड्रिंक. माप: ४५ मिली बर्बन (अमेरिकन व्हिस्की), ३० मिली कंपारी (इटलीची लाल, कडू दारू), ३० मिली स्वीट व्हरमूथ (मसाला-वनस्पती घातलेली गोड वाईन). मेजर नसेल तर खोकल्याच्या औषधाचं १५ मिलीवालं झाकण घ्या, तीन-दोन-दोन, हिशोब संपला (धुवून घ्या मात्र, मी एकदा विसरलो होतो).

खरी भानगड बर्फाची. आपल्याकडे मे महिन्यात ट्रेमधले बारके तुकडे बघता बघता पाणी होतात आणि ड्रिंक पांचट, म्हणून मी आदल्या रात्रीच स्टीलच्या वाटीत पाणी भरून फ्रीजरला लावतो, सकाळी मस्त जाड गोळा निघतो, तो ग्लासात. ढवळायला वेगळा बर्फ, अर्धा मिनिट चमच्याने फिरवायचं, शेक अजिबात नाही, मग गाळून गोळ्यावर ओतायचं. संत्र्याची साल वरून पिळा, उजेडात तेलाचा फवारा दिसतो बघा.

व्हरमूथ वाईनच असते, उघडली की फ्रीजमधे. आणि सोबत शेवभाजी नको, तिखटावर कडूपणा नुसता बोचतो, खारे शेंगदाणे बेस्ट.