कार्डाचं नाव शेवटच्या ओळीत: लॅमिंग्टन रोडला जाण्याआधीची तयारी

भाच्याचा रात्री साडेअकराला मेसेज आला, ‘मामा, २७ हजार जमलेत. ४०६० घेऊ की ३०६०?’ दोन्ही एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं, म्हणजे गेमचं चित्र रंगवणारा कॉम्प्युटरमधला पार्ट. मी उलट विचारलं, मॉनिटरला जी केबल लावली आहेस तिचं तोंड निळं आहे का? बराच वेळ उत्तर नाही. मग फोटो आला. निळंच होतं.

निळं तोंड म्हणजे व्हीजीए. हल्लीच्या गेमिंग कार्डांवर ते नसतंच. मागे फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. म्हणजे पठ्ठ्या २७ हजारांचं कार्ड घरी आणून, बसवून, चालू करून काळ्या पडद्याकडे बघत बसला असता. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर दोनशे-तीनशेच्या केबलवर भागतं, नसेल तर सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो. तेव्हा खरेदीआधी तपासायच्या गोष्टींची कागदावर यादी करा, आणि तिच्यातली पहिली गोष्ट कार्ड नव्हे, मॉनिटर. त्याच्या मागची तोंडं बघा, मग रेझोल्यूशन बघा, मग तो सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते बघा. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके. २५६० गुणिले १४४० म्हणजे सुमारे ३७ लाख. कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये एवढे ठिपके रंगवायचे असतात. भाच्याचा मॉनिटर १०८०पीचा, ७५ हर्ट्‌झचा. त्याला १४० फ्रेम देणारं कार्ड घेणं म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी टँकर मागवणं.

दुसरं, काय खेळणार ते प्रामाणिकपणे लिहून काढा. घरी ‘कॉलेजच्या प्रोजेक्टला लागतं’ असं सांगितलं असेल तर तेही लिहा, कारण ब्लेंडरसारखं थ्रीडीचं काम किंवा मशीन लर्निंग खरोखर करायचं असेल तर निवड बदलते: तिथे बरीचशी सॉफ्टवेअर कूडावर चालतात, आणि कूडा हे एनव्हिडियाच्याच कार्डांवरचं तंत्र. नुसतं व्हॅलोरंट खेळायचं असेल तर खरं सांगतो, कार्ड घेऊच नका. भाच्याचा प्रोसेसर रायझेन ५ ५६००जी आहे, त्याच्या पोटातल्या ग्राफिक्सवर तो खेळ सेटिंग कमी करून आरामात चालतो. मात्र रॅम दोन पट्ट्यांची हवी. त्याच्याकडे १६ जीबीची एकच पट्टी होती. तशीच दुसरी बसवली की पोटातल्या ग्राफिक्सला लगेच जीव येतो, आणि पुढे कार्ड टाकलं तरी प्रोसेसरला तिचा उपयोग होतोच. फक्त २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, तेव्हा आधी चौकशी करा. मोठे नवे खेळ खेळायचे असतील तर त्यांची किमान गरज वाचा. २०२४ च्या डिसेंबरात आलेला इंडियाना जोन्सचा खेळ रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून उजेड-सावली रंगवण्याचं, हार्डवेअर नसलेल्या कार्डावर सुरूच होत नाही. एनव्हिडियाचं जुनं जीटीएक्स १६५० किंवा १६६० सुपर कितीही स्वस्तात मिळालं तरी तिथे निरुपयोगी.

आता प्रोसेसर आणि मदरबोर्ड. ५६००जी आपल्याकडे खूप जणांनी घेतला, कारण २०२१ मध्ये कार्डांवर क्रिप्टो नाणी काढणाऱ्या मायनिंगवाल्यांनी आणि चिपच्या टंचाईने कार्डांचे भाव आभाळाला नेले होते. ‘आत्ता यावर भागवू, कार्ड नंतर टाकू’ असं ठरवून पोरांनी मशीन असेंबल करून घेतली. ते ‘नंतर’ आता आलंय. पण या प्रोसेसरमध्ये एक खोच आहे: तो पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढीच बोलतो, बोर्ड चौथ्या पिढीचा असला तरीही. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातला रस्ता सोळा पदरी असतो, पण स्वस्त कार्डं त्यातले आठच पदर वापरतात, आणि एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच. तिसऱ्या पिढीत प्रत्येक पदराचा वेग चौथीच्या निम्मा. आठ पदरांवर नुकसान सहसा जाणवत नाही. चार पदरांवर, आणि त्यात कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबीच असताना, चांगलंच जाणवतं. दुकानदार ‘नवीन आहे, वॉरंटी आहे, स्वस्त आहे’ म्हणत ६५०० एक्सटी पुढे करेल. तिन्ही गोष्टी खऱ्या असतील. तरी ५६००जीवाल्याने ते घेऊ नये.

ऑफिसातून निघालेले ब्रँडेड कॉम्प्युटरचे डबे, चौथ्या-सहाव्या पिढीच्या इंटेल आय५ प्रोसेसरवाले, रिफर्बिश्ड म्हणून बरेच विकले जातात. तुमच्याकडे तसा असेल तर इथेच थांबून उघडून बघा. अनेकांत एसएमपीएस, म्हणजे आतल्या पार्टना वीज पुरवणारा खोका, कंपनीच्या खास मापाचा आणि खास पिनांचा असतो, बाजारातला त्यात बसत नाही आणि जो आहे त्यातून कार्डासाठी वायर निघत नाही. अशा डब्याला स्लॉटमधूनच, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या खाचेतूनच, वीज घेणारं कार्ड हवं. स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, आणि २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं रूप ७० वॅटवर चालतं. डबा बुटका असेल तर कमी उंचीचं कार्ड मागा. यापलीकडे त्या डब्यात पैसे घालू नका.

आता एसएमपीएस. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाचवले जातात आणि सगळ्यात जास्त इथेच बुडतात. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं. ते वाचू नका. बाजूच्या स्टिकरवरचा बारीक तक्ता वाचा आणि १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते शोधा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात. भाच्याच्या स्टिकरवर १४ अँपिअर होते. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. नाव ४५०, कामाचे १६८! आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅट घेतं. हा एसएमपीएस नुसता बंद पडला असता तर नशीब म्हणायचं. असले जाताना कधी कधी मदरबोर्डलाही सोबत नेतात.

म्हणून २७ हजारांतले साडेचार हजार तिथेच बाजूला काढले: नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा, ५५० वॅटचा. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. तरी तो शिक्काही नसलेला घेऊ नये. कार्डासाठी आठ पिनांची वायर त्यातून थेट निघते का ते बघा. जुन्या मोलेक्स पिनांवरून आठ पिना करून देणारं जोडणं कुणी हातावर ठेवलं तर नम्रपणे परत करा.

यूपीएसही याच ओळीत. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. शंभर-सव्वाशे वॅटच्या कार्डाला चालेल, पण १९० वॅटच्या कार्डावर खेळ ऐन रंगात असताना लाइट गेली तर तो केकाटून सगळं बंद करण्याची शक्यता आहे. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हा हिशेब आधी करायचा.

टेप घ्या आणि कॅबिनेटचं झाकण काढा. मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. दोन पंख्यांची कार्डं साधारण २०० ते २५०, तीन पंख्यांची ३०० च्या आसपास. मी एकदा मोजायचा आळस केला आणि तीन पंख्यांचं घेऊन आलो. पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा आला. रविवारची सगळी दुपार मेव्हण्यासोबत करवतीने तो पिंजरा कापण्यात गेली, आणि लोखंडाचा भुगा नंतर आठवडाभर फरशीवर सापडत होता. जाडीही मोजा; दोन स्लॉट म्हणणारी कितीतरी कार्डं अडीच स्लॉट खातात.

अकोला, चंद्रपूर, जळगावकडच्यांनी आणखी एक ओळ घालावी. खोली २५ अंशांवर असताना कार्ड ७० वर राहत असेल, तर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत तेच ८५ कडे धावतं, मग स्वतःला वाचवायला वेग उतरवतं. कमी वॅटचं कार्ड आणि पुढून हवा ओढणारे दोन पंखे, एवढ्याने खूप फरक पडतो. पुढची बाजू काचेने बंद केलेली रंगीबेरंगी कॅबिनेटं दिसायला छान, आत भट्टी.

एवढं झालं की मगच कार्ड. या पैशांत कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ८ जीबीच्या खाली उतरू नका. नवे खेळ सर्वात वरच्या टेक्स्चरवर, म्हणजे भिंती-कपड्यांच्या बारीक नक्षीच्या सेटिंगवर, १०८०पीलाही ८ जीबी भरून टाकतात, पण टेक्स्चर एक पायरी खाली आणलं तर बहुतेक ठिकाणी निभावतं. भाच्याचा मूळ प्रश्न म्हणूनच अवघड होता: २०२१ च्या ३०६० मध्ये १२ जीबी, २०२३ च्या ४०६० मध्ये ८. पण ४०६० वेगवान, आणि ११५ वॅटवर भागतं. ५५ वॅटचा फरक, रोज चार तास धरले तर वर्षाला ८० युनिट, युनिटला १० रुपयांनी ८०० रुपये. तीन वर्षांत अडीच हजारांच्या आसपास. ३०६० घेताना नुसता ब्रँड बघू नका, खोक्यावरचा मेमरीचा आकडाही वाचा: त्याच नावाने ८ जीबीचंही एक कार्ड आलंय, त्याचा मेमरीचा रस्ताही अरुंद आहे. इंटेलचं बी५८० कागदावर सगळ्यांत मोहक, १२ जीबी आणि जाहीर किंमत २४९ डॉलर, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेला बोर्ड लागतो आणि जुन्या किंवा मध्यम प्रोसेसरवर ते अपेक्षेपेक्षा मागे पडतं. ५६००जीसोबत मी सुचवणार नाही.

डॉलरचं निघालं म्हणून सांगतो. अमेरिकेतली जाहीर किंमत बघून ‘इथे लुटतात’ म्हणण्याआधी गुणाकार करा. समजा कार्ड २९९ डॉलरचं, डॉलर ९० रुपये धरला तर २६,९१०. वर १८ टक्के जीएसटी, की झाले ३१,७५४. तिकडच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. दुकानातला भाव या आकड्याच्या आसपास असेल तर घासाघीस कमी करा. पाच हजार वर असेल तर पुढच्या दुकानात जा. जाहिरातीतल्या ‘तिप्पट फ्रेम’ फ्रेम जनरेशनने मधे घुसवलेल्या असतात. त्यांनी चित्र गुळगुळीत दिसतं, पण माऊसला प्रतिसाद लवकर मिळत नाही. तुलना करताना त्या वगळूनच आकडे बघा.

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर जीटीएक्स १०६०, १०७० ही पिढी आता सोडा. ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने त्यांच्यासाठी खेळांची नवी ड्रायव्हर बंद केली, आता फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. एएमडीचं आरएक्स ५८० घेताना २०४८एसपी अशी शेपटी आहे का बघा. ते खरं ५८० नव्हे, ताकदीने ५७० च. मायनिंगवर चाललेलं कार्ड म्हणजे मेलेलंच असं काही नाही, पण भावात ते दिसायला हवं. विकणाऱ्याच्या घरी जा, कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून नाव, मेमरी आणि पदर ताडून घ्या, कारण जुन्या कार्डावर नव्याचं नाव चढवून विकणारेही आहेत. मग पंधरा मिनिटं फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण ताण टाकणारी चाचणी, चालवा. पडद्यावर ठिपके-रेघा उमटल्या, पंखा खरखरला किंवा ‘आत्ता लाइटचा प्रॉब्लेम आहे’ असं ऐकू आलं, की चहा पिऊन परत या. पैसे चाचणीनंतरच द्यायचे, टोकनसुद्धा आधी नाही.

नवं घ्यायला आम्ही शनिवारी सकाळी मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरलो. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पार्ट घेणाऱ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. तीन दुकानांत भाव विचारून, लिहून घेतला. दोन ठिकाणी ‘विदाउट बिल दीड हजार कमी’ ऐकलं. नको म्हणा. वॉरंटीचा दावा करताना पक्कं बिल मागू शकतात, आणि बिलावर कार्डाचा सीरियल नंबर छापून घ्या. वॉरंटी भारतातली आहे ना आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे तिथेच उभ्या उभ्या विचारा. ऑनलाइन मागवलं तर खोका फोडण्याआधी मोबाइलचा कॅमेरा चालू.

शेवटी कागदावर एएमडीचं आरएक्स ६६०० लिहिलं: १३२ वॅट, ८ जीबी, आठ पदर, दोन पंखे. रे ट्रेसिंगमध्ये ते लंगडतं, ते भाच्याला मान्य होतं. घरी बसवल्यावर त्याने केबल सवयीने मदरबोर्डलाच लावली आणि ‘मामा, फ्रेम तेवढ्याच येतायत’ म्हणाला. अरे, चित्र अजून प्रोसेसरच्या पोटातूनच येतंय; खालच्या, कार्डाच्या आडव्या तोंडांत लाव म्हटलं.

खोका आणि आतला फोम बहिणीने माळ्यावर ठेवलाय. त्यावर मी मार्करने मोठ्या अक्षरात वॉरंटी संपायची तारीख घातली आणि खाली लिहिलं, ‘दिवाळीच्या साफसफाईत टाकू नये.’