मुलाखतीची उत्तरं तयार करताना या चुका टाळा

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर या पट्ट्यातल्या कारखान्यांत डिप्लोमा नाहीतर बी.ई. मेकॅनिकल झालेल्या पोरापोरींच्या मुलाखती सतत चालू असतात, आणि प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात. स्वतःबद्दल सांगा, प्रोजेक्ट काय केला, आधीची नोकरी का सोडताय, किती पगार हवा. पेपर आधीच फुटलेला आहे म्हणायचं, तरी उमेदवार त्याच चार ठिकाणी आपटतात. कारण बहुतेकांची तयारी पहिल्या उत्तरापाशी थांबते. समोर बसलेला माणूस मात्र पहिलं उत्तर ऐकतो तेच मुळी दुसरा प्रश्न कुठून काढायचा हे बघायला. म्हणून तयारी करताना प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावा: यावर लागोपाठ तीन प्रश्न आले तर आपण टिकतो का? टिकत नसू तर वाक्य खोडा, मग ते कितीही भारी वाटत असो.

विकतचा प्रोजेक्ट

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आसपास तयार प्रोजेक्ट रिपोर्टसकट विकणारी दुकानं असतात हे मुलाखत घेणाऱ्या पॅनेलवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी रेझ्युमेवर सोलर गवत कापणी यंत्र दिमाखात लिहिलेलं असतं.

अशाच एका मुलाखतीत उमेदवाराने सांगितलं, "एकदा चार्ज केलं की मशीन पाच तास चालतं." बॅटरी कोणती? बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवर. हे त्याला पाठ होतं. कापताना मोटर किती करंट घेते? इथे तो थांबला, मग म्हणाला, पाच अँपिअर असेल. समोरच्यांनी त्याचाच रेझ्युमे उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भागाकार मांडला. सात भागिले पाच म्हणजे 1.4, म्हणजे एक तास चोवीस मिनिटं. तीही कागदावर. बॅटरीवर छापलेले सात अँपिअर-अवर वीस तासांच्या संथ वापराला धरलेले असतात, म्हणजे जेमतेम 0.35 अँपिअरला. पाच अँपिअर खेचले तर ती लवकर बसते, प्रत्यक्षात तास मिळाला तरी पुष्कळ. "मग पाच तास कुठून आले?" उत्तर आलं, "सर, रिपोर्टमध्ये तसंच आहे."

गोष्ट तिथेही सावरली असती. पुढचा प्रश्न सोलर पॅनेलचा होता. पॅनेल दहा वॅटचं, बॅटरी बारा गुणिले सात म्हणजे चौऱ्याऐंशी वॅट-अवरची. कडक ऊन धरलं, वाया जाणारी वीज धरली नाही, तरी भरायला जवळपास साडेआठ तास. "म्हणजे दिवसभर उन्हात ठेवायचं आणि तासभर गवत कापायचं. शेतकरी घेईल का हे?" हा खरं तर मदतीचा प्रश्न होता. दुसरी बॅटरी ठेवू, घरच्या विजेवर चार्जिंगची सोय देऊ, पातं हलकं करून छोटी मोटर बसवू, यातलं काहीही चाललं असतं. ज्याने ते मशीन एकदा तरी चालवून पाहिलंय त्याला यातलं एखादं सुचतंच. पोरगा नुसता बघत राहिला.

उपाय अर्ध्या दिवसाचा आहे. प्रोजेक्ट कॉलेजच्या लॅबमध्ये पडलेला असेल तर जाऊन तो चालवा आणि आकडे स्वतः घ्या. करंट मोजायला साधा क्लॅम्प मीटर नेऊ नका, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि बॅटरी डीसी असते. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या सॉकेटवर लावून सर्किटमध्ये सिरीजला जोडा. वजन, खर्च, मोटरचे आरपीएम, कुठलं मटेरियल आणि तेच का, काय मोडलं, ते कसं दुरुस्त केलं, एवढं एका कागदावर लिहा. प्रत्येक आकड्यापुढे 'मोजला' किंवा 'रिपोर्टमधला' अशी खूण करा आणि मुलाखतीत पहिल्या खुणेचेच आकडे स्वतःहून बोला. प्रोजेक्ट विकत आणला असेल तर "मोटर आणि फ्रेम तयार आणली, जोडणी आणि चाचणी आम्ही केली" एवढंच म्हणा. दावा लहान झाला तरी तो उभा राहतो.

हीच गत रेझ्युमेवर लिहिलेल्या हत्यारांची. व्हर्निअर कॅलिपर लिहिलंत की लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, विचारणारच. 0.02 मिलिमीटर हे सगळे सांगतात. कसा आला म्हटलं की वर्ग शांत. मुख्य पट्टीवरचे 49 मिलिमीटर व्हर्निअरवर 50 भागांत वाटलेत, एक भाग 0.98 चा, मुख्य पट्टीचा 1 चा, फरक 0.02. पुढचा प्रश्न झिरो एररचा येतो, म्हणजे जबडे बंद असताना शून्याऐवजी जे माप दिसतं त्याचा. एरर पॉझिटिव्ह असेल तर मापातून वजा करायची. एसपीसी, म्हणजे आकडेवारीवरून प्रक्रियेवर लक्ष ठेवायची पद्धत, लिहिलंय? मग प्रक्रिया मापाच्या मर्यादेत किती बसते ते सांगणाऱ्या दोन आकड्यांपैकी सीपी फक्त पसारा बघतो, सीपीके पसाऱ्यासोबत मधला बिंदू किती सरकलाय तेही बघतो, त्यामुळे सीपीके कधीच सीपीपेक्षा जास्त येत नाही, हे सुचायला वेळ लागता कामा नये. पीपीएपी, म्हणजे पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची पद्धत, लिहिलं असेल तर त्यातले अठरा घटक पाठ नसले तरी चालतील, पण तुम्ही स्वतः कोणती दोन-तीन कागदपत्रं भरलीत ते सांगता आलं पाहिजे. नुसता शब्द माहीत असेल तर तो रेझ्युमेवरून काढा. एक ओळ कमी झाल्याने कुणाची नोकरी गेलेली नाही.

"स्वतःबद्दल सांगा" म्हणजे घराण्याचा इतिहास नव्हे

माझं नाव अमुक, मूळ गाव तमुक, वडील शेती करतात, आई गृहिणी, एक भाऊ, एक बहीण, माझे छंद क्रिकेट आणि गाणी ऐकणे. हे पंचवीस जणांकडून ऐकून पॅनेल कंटाळलेलं असतं. नाव आणि गाव त्यांच्या हातातल्या कागदावर आहे. दीड मिनिटात तीन गोष्टी पुरतात: सध्या काय करता किंवा नुकतं काय शिकलात, हाताने केलेलं एक काम त्याच्या आकड्यासकट, आणि या जागेसाठी का आलात. मग गप्प बसायचं. बोलणं कुठे थांबवायचं हे ठरलेलं नसतं म्हणून शेवटी छंद येतात.

हे पूर्ण वाक्यांत लिहून काढू नका. पाठ केलेलं एक वाक्य निसटलं की पुढची सगळी निसटतात, आणि मग उमेदवार "सॉरी सर" म्हणून पहिल्यापासून सुरू करतो. चिठ्ठीवर पाच-सहा शब्द लिहा, फोनवर रेकॉर्ड करून ऐका, पुन्हा बोला. दर वेळी वाक्यं थोडी वेगळी आली पाहिजेत. तीन रेकॉर्डिंग हुबेहूब सारखी झाली तर समजा पाठांतर झालंय, चिठ्ठी फाडा आणि नव्याने बोला.

आता एआयकडून उत्तरं लिहून आणायची टूम निघाली आहे. सकाळच्या सात उमेदवारांपैकी चौघांनी 'शिकण्याची प्रचंड आवड आणि संघभावना' एकाच क्रमाने म्हटली की पॅनेल एकमेकांकडे बघून हसतं. वापरायचंच असेल तर उलटं वापरा: आपला रेझ्युमे द्या आणि उलटतपासणी करायला सांगा.

इंग्रजीचं भूत वेगळंच. शॉप फ्लोअरच्या, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनाच्या जागेवरच्या नोकरीसाठी पॅनेल बऱ्याचदा मराठी-हिंदीत बोलायला तयार असतं. सुरुवातीची चार वाक्यं इंग्रजीत बोला आणि मग सरळ विचारा, "टेक्निकल भाग मराठीत सांगितला तर चालेल का?" अडखळत दिलेल्या चुकीच्या उत्तरापेक्षा हे कितीतरी बरं.

झटपट काही

कमजोरी विचारली की "मी परफेक्शनिस्ट आहे" म्हणू नका. खरी पण कामाच्या मुळावर न येणारी एक सांगा आणि तिच्यावर काय करताय तेही सांगा: ई-मेल लिहायला वेळ लागतो, म्हणून मजकुराचे साचे करून ठेवलेत.

पाच वर्षांनी कुठे असाल? "तुमच्या खुर्चीत" हा विनोद आता मेलाय.

आधीच्या साहेबाची निंदा करू नका. खरंच त्रास असला तरी "कामाचा प्रकार बदलायचा आहे" म्हणा, पण कोणता प्रकार ते ठरवून या.

शिफ्ट, बदली, कुठेही चालेल असं तोंडभरून सांगून ऑफर आल्यावर "घरचे नको म्हणतात" हे करू नका. घरच्यांना आधी विचारा.

"रिजेक्शन कमी केलं" हे वाक्य एकटं सोडू नका. आकडे जोडा: रोज दोन हजार पार्टमागे ऐंशी बाद जात होते, म्हणजे 4 टक्के, ते तीसवर आले, म्हणजे दीड टक्का. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: त्यात तुम्ही काय केलंत? फिक्श्चरची (पार्ट पकडून ठेवणाऱ्या साधनाची) पिन तुम्ही बदलून घेतली की फक्त रोजची नोंद ठेवली? नोंद ठेवली असेल तर तेच सांगा, त्यातूनच दोष कुठल्या शिफ्टला येतो ते कळतं.

कंपनीचं ध्येयवाक्य पाठ करण्यात वेळ घालवू नका. त्यांचा पार्ट कोणता, तो कुठे बसतो, कोणत्या प्रक्रियेतून जातो, एवढं बघा. फोर्जिंगच्या (धातू ठोकून-दाबून घडवायच्या) कारखान्यात जाऊन कास्टिंगबद्दल (धातू वितळवून ओतण्याबद्दल) बोलणारे दर आठवड्याला भेटतात.

पगाराचा घोळ

फ्रेशरने "कंपनीच्या नियमाप्रमाणे" म्हटलं तर एकवेळ खपतं. दोन-तीन वर्षं अनुभव असलेल्याने म्हटलं तर समोरचा त्याच्या सोयीचा नियम लावतो. त्याहून वाईट म्हणजे सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांची गल्लत. "तीस हजार पाहिजेत" असं म्हणून लोक बाहेर पडतात, सीटीसी तीस हजारांची ठरते आणि पहिल्या महिन्यात कमी जमा झाले की फसवलं म्हणून ओरड करतात.

एकदा कागदावर गणित करा. सीटीसी वर्षाला 4,20,000, म्हणजे महिन्याला 35,000. बेसिक निम्मं धरलं तर 17,500. कंपनीच्या वाट्याचा पीएफ पूर्ण बेसिकवर 12 टक्के धरला तर 2,100, ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्के म्हणजे 842. हे दोन्ही सीटीसीत मोजलेले असतात. उरले 32,058. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 2,100 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 29,758. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात. काही कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकऐवजी 15,000 वर धरतात, तेव्हा दोन्हीकडचा वाटा 1,800 होतो. सीटीसीत बोनस किंवा कँटीन-बसचे पैसे धरले असतील तर दर महिन्याला येणारी रक्कम आणखी खाली येते. म्हणून आकडा सांगताना "वर्षाची सीटीसी एवढी, त्यात व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग) किती?" असं एका दमात विचारा. यात उद्धटपणा काही नाही, एचआरला हा प्रश्न रोजचाच आहे.

सध्याचा पगार फुगवून सांगणं तर निव्वळ मूर्खपणा आहे. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि बँकेचं स्टेटमेंट मागतात. नोटीस पिरियडचंही तसंच. नेमणूक पत्रात नव्वद दिवस लिहिलेत आणि तुम्ही "पंधरा दिवसांत येतो" म्हणालात, तर रिलिव्हिंग लेटर अडकतं आणि नवी कंपनी तेच पत्र मागते. जाण्यापूर्वी नेमणूक पत्र वाचा. पैसे भरून लवकर सुटता येतं का तेही त्यातच लिहिलेलं असतं.

मध्येच अडलात तर

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, अंदाजाने उत्तर देऊ नका. प्रश्न कळला पण आठवत नाही, तर "थोडा विचार करून सांगतो" म्हणून दहा सेकंद घ्या. ते दहा सेकंद तुम्हाला दहा मिनिटांसारखे वाटतात, पॅनेलला वाटत नाहीत. गणित असेल तर कागद मागा आणि एककं लिहून सुरू करा. निम्म्या चुका मिलिमीटर आणि मीटरच्याच असतात. अजिबात येत नसेल तर "हे माहीत नाही" म्हणा आणि त्याच्या शेजारचं जे येतं ते एका वाक्यात जोडा: "टीआयजी वेल्डिंग केलेलं नाही, एमआयजीवर सहा महिने काम केलंय." तेही खरं असेल तरच, कारण पुढचा प्रश्न शिल्डिंग गॅस कोणता वापरत होता हाच येणार.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" आलं की "नो सर" म्हणून उठू नका. पहिले सहा महिने कोणत्या लाइनवर असेन, ट्रेनिंग किती दिवस, लाइनवर सध्या सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची आहे, यातलं एक विचारा. तिसरा प्रश्न सगळ्यात चांगला, कारण उत्पादनवाला माणूस त्यावर हमखास खुलतो. त्याचं उत्तर बाहेर पडल्यावर लिहून ठेवा. दुसरी फेरी झाली तर त्याच डोकेदुखीवर विचारतात.