वाळलेले झाड, घराचे पत्रे आणि विमा

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात वळवाचा पाऊस वादळवारे घेऊनच येतो आणि अंगणातला वाळलेला कडुनिंब घराच्या पत्र्यांवर आडवा होण्याची भीती याच दिवसांत असते. घराचा विमा आहे, तेव्हा झाड उतरवण्याचे पैसेही कंपनी देईल, असे गृहीत धरू नये. १ एप्रिल २०२१ पासून लागू असलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत झाड कोसळून घराचे झालेले नुकसान भरून मिळते; उभे झाड कितीही धोकादायक असले तरी ते काढण्याचा खर्च मालकाचाच.

बुंध्याची साल सुरीने थोडी खरवडून पाहावी. आत ओल व हिरवटपणा नसेल, वाळवीची माती वर चढलेली असेल आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर थांबू नये. लातूर-नांदेडसारख्या शहरांत, झाड स्वतःच्या अंगणातले असले तरी, शहरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठीच्या १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. खेड्यातही चिंच, आंबा यांसारखी झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत (यादीत) आहेत, म्हणजे ती तोडायलाही परवानगी लागते. अर्जाची पोच आणि झाडाचे तारखेसह फोटो पॉलिसीजवळच ठेवावेत, कारण मुद्दाम केलेल्या टाळाटाळीमुळे झालेले नुकसान पॉलिसीतून वगळलेले असते आणि आपण वेळीच हालचाल केल्याचा पुरावा हाच कागद असतो. फांद्या तारांना लागत असतील तर महावितरणला कळवून वीज बंद करून घ्यावी.

झाड पडलेच, तर पत्रे वाकलेले, वासा मोडलेला आणि बुंधा त्यावर पडलेला, अशा स्थितीतच फोटो काढून कंपनीला त्वरित कळवावे. पाऊस आत येऊ नये म्हणून ताडपत्री जरूर टाकावी, पण कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेल्या सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी शक्यतो लाकूड विकू नये. (कटरवाला त्याच दिवशी दारात येतो, हा अनुभव आहे.) राडारोडा हटवण्याची भरपाई मंजूर दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंतच असते, म्हणजे दावा ८०,००० रुपयांचा असेल तर जास्तीत जास्त १,६०० रुपये. मोठा बुंधा कापून ट्रॅक्टरने वाहून नेण्यास एवढी रक्कम पुरत नाही.

शेजाऱ्याचे झाड आपल्या घरावर पडले तरी दावा आपल्याच पॉलिसीवर करता येतो. आपले झाड त्याच्या भिंतीवर पडले, तर मात्र ते नुकसान आपल्या मूळ पॉलिसीत बसत नाही.