बालवाडीच्या वयातील मुलांचे आणि पालकांचे चित्रपुस्तक मंडळ कसे चालवावे

तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तकांचे मंडळ काढायचे म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोष्ट रंगवून सांगण्याचा कार्यक्रम उभा राहतो. तसा कार्यक्रम चांगलाच असतो. पण त्यात सांगणारा एक, ऐकणारी मुले अनेक आणि पालक मागच्या भिंतीला टेकून बसलेले, अशी मांडणी असते. मंडळात पालकाला भिंत सोडून मुलाशेजारी बसावे लागते. पंधरवड्यातून एकदा होणाऱ्या पाऊण तासाच्या बैठकीत मूल जेवढे ऐकते, त्याच्या कितीतरी पट बोलणे घरी त्याच पुस्तकावरून होऊ शकते. म्हणून त्या घरच्या वाचनासाठी मोठ्या माणसांची तयारी करून देणे हेच बैठकीचे खरे काम आहे. पुढच्या सगळ्या सूचना हे काम समोर ठेवून केलेल्या आहेत.

जोड्या, जागा आणि वेळ

एका मंडळात ६ ते ८ जोड्या पुरेशा होतात. जोडी म्हणजे एक मूल आणि त्याच्याबरोबरचे एक मोठे माणूस; ते आई, बाबा, आजी किंवा मावशी कोणीही असो, शक्यतो दर वेळी तेच असावे. संख्येची ही मर्यादा शिस्तीसाठी नाही, तर ती पुस्तकाच्या आकारामुळे येते. साधारण चित्रपुस्तकाची उंची २५ ते ३० सेंटिमीटर असते आणि पलंगाखाली दडलेले मांजर किंवा खिडकीतून डोकावणारा चेहरा यांसारखा त्यातला मोलाचा तपशील कित्येकदा बोटाच्या पेराएवढाच असतो. दोन मीटरपलीकडे बसलेल्या मुलाला तो दिसत नाही, आणि चित्र न दिसणारे मूल थोड्याच वेळात उठून धावू लागते. मग सगळे त्याला चंचल म्हणतात. नावे जास्त आली तर दोन वेगळ्या तुकड्या कराव्यात, वर्तुळ मोठे करू नये.

वाचणाऱ्याने खिडकीकडे तोंड करून बसावे आणि मुलांची पाठ खिडकीकडे असावी. उलट बसल्यास वाचणाऱ्याच्या मागून येणारा उजेड मुलांच्या डोळ्यांवर येतो आणि पुस्तक सावलीत जाते. गुळगुळीत कागदावर दिव्याचा झोत पडत असेल तर पुस्तक थोडे पुढे कलते धरावे. बैठक मुलांच्या झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा टाळून ठेवावी आणि एकदा ठरलेला वार शक्यतो बदलू नये.

४५ मिनिटांपैकी सामूहिक वाचनाला १० ते १५ मिनिटेच द्यावीत. त्याआधीची दहा मिनिटे मुलांनी मधोमध पसरून ठेवलेली पुस्तके हवी तशी हाताळावीत, म्हणजे उशिरा येणाऱ्यांचीही सोय होते. वाचनानंतर जोडीजोडीने तेच किंवा दुसरे पुस्तक वाचावे, आणि शेवटी पालकांशी बोलणे व पुस्तकांची देवघेव व्हावी.

पुस्तकाची निवड

मंडळाचे बरेवाईट येथेच ठरते, त्यामुळे घाई करू नये. चांगल्या चित्रपुस्तकात गोष्टीचा काही भाग शब्दांत असतो आणि उरलेला चित्रांत. शब्द जे सांगतात तेच चित्राने पुन्हा दाखवले, तर ते फक्त सचित्र पुस्तक असते. याची कसोटी सोपी आहे. चित्रे हाताने झाकून सगळा मजकूर वाचावा. गोष्ट संपूर्ण कळली आणि काहीच चुकल्यासारखे वाटले नाही, तर ते पुस्तक घरी वाचायला ठीक आहे, मंडळासाठी दुसरे पाहावे. मजकूर एक सांगत असेल आणि चित्र भलतेच दाखवत असेल, म्हणजे उंदीर ‘मी मुळीच घाबरलो नाही’ असे म्हणत असेल आणि चित्रात त्याची शेपटी ताठ झालेली असेल, तर ते पुस्तक जरूर घ्यावे. अक्षरे वाचता येत नसलेल्या मुलाला येथे मोठ्यांपेक्षा जास्त ठाऊक असते, आणि ती आघाडी त्याला फार आवडते.

बरीच चित्रपुस्तके ३२ पानांची असतात, याचे कारण छपाईत आहे. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना छापून तो दुमडला, की ८ किंवा १६ पानांचा फॉर्म तयार होतो. अशा फॉर्मांच्या पटीतच पुस्तक बांधले जाते आणि ३२ पाने ही सोयीची संख्या ठरते. शीर्षक वगैरेंची पाने वगळली तर गोष्टीसाठी समोरासमोरच्या पानांच्या बारा ते चौदा जोड्या उरतात. एवढी लांबी या वयाच्या मुलांना एका बैठकीत पेलते. तरीही निवडलेले पुस्तक घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहावे. न थांबता वाचायला सहा-सात मिनिटांहून अधिक लागत असतील, तर थांबत, बोलत वाचताना ते वीस मिनिटांवर जाईल.

शब्द नसलेली पुस्तकेही आवर्जून घ्यावीत. वाचनाची फारशी सवय नसलेल्या पालकांना आणि घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या कुटुंबांना अशा पुस्तकात कोणताही कमीपणा जाणवत नाही, कारण तेथे सगळेच एका पायरीवर असतात. घरी कोणत्या भाषेत बोलावे, असे पालक विचारतात. ज्या भाषेत मोठ्या माणसाला सहज बोलता येते, थट्टा करता येते आणि रागावता येते, तीच भाषा वापरावी, हे त्यांना निःशंकपणे सांगावे.

शेवटच्या पानावर तात्पर्य छापलेले पुस्तक मी मंडळात घेत नाही. ते पान आले की पालक आपापल्या मुलाकडे अर्थपूर्ण नजरेने पाहू लागतात आणि मुले पुस्तकाकडे पाहायचे थांबतात.

एकच पुस्तक सलग दोन बैठकांत वाचावे. ‘हे तर मागच्या वेळी झाले’ अशी कुरकुर पालक करतात, मुले सहसा करत नाहीत. जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांच्या एका गटाला त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा आणि दुसऱ्या गटाला निरनिराळ्या गोष्टी वाचून दाखवल्या होत्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले, तरी ते नंतर लक्षात राहिले ते त्याच गोष्टी ऐकणाऱ्या मुलांच्या. पहिल्या वाचनात मूल ‘पुढे काय होणार’ यात गुंतलेले असते. ती उत्सुकता शमल्यावर त्याला शब्दांकडे आणि चित्रांच्या कोपऱ्यांकडे पाहायला सवड मिळते.

वाचताना

पुस्तक एका हाताने खालून, मधल्या शिवणीपाशी धरावे आणि पान दुसऱ्या हाताने वरच्या कोपऱ्यातून उलटावे, म्हणजे आपलाच हात चित्रावर येत नाही. आरंभ मुखपृष्ठापासून करावा. मग मुखपृष्ठाच्या आत चिकटवलेला कागदही दाखवावा. पुष्कळ चित्रकार तेथे गोष्टीच्या खुणा पेरतात, आणि सुरुवातीचा व शेवटचा असा कागद शेजारी धरून पाहिल्यास काय बदलले ते मुले उत्साहाने शोधतात. पान उलटण्याआधी क्षणभर थांबावे. चित्रपुस्तकातले आश्चर्य बहुधा पानामागे दडवलेले असते, आणि घाईने उलटलेल्या पानाबरोबर ते वाया जाते.

पहिल्या बैठकीत गोष्ट जवळजवळ सलग वाचावी. थांबून बोलण्याचे वाचन दुसऱ्या बैठकीत करावे. या पद्धतीचा पाया ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने घातला. दोन ते तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांना दोन्ही गटांतले पालक महिनाभर घरी वाचून दाखवत होते. मात्र एका गटातल्या पालकांना मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात भर घालायला शिकवले होते. महिन्याअखेर त्या गटातली मुले बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेलेली आढळली.

भर घालणे म्हणजे काय, ते पालकांना प्रत्यक्ष करून दाखवावे. मूल चित्रावर बोट ठेवून म्हणते, “कुत्रा.” आपण म्हणावे, “हो, भिजलेला कुत्रा. कशाने बरं भिजला असेल?” मूल म्हणते, “पाऊस.” “पावसात भिजला. आणि आता कुठे निघालाय?” मुलाच्या एका शब्दाला आपण एक-दोन शब्द जोडले आणि चेंडू पुन्हा त्याच्याकडे दिला, एवढेच येथे घडले. ‘याचा रंग कोणता, हे किती आहेत’ असे प्रश्न एखादे वेळी ठीक. दर पानावर विचारले की वाचनाची तोंडी परीक्षा होते. एका पुस्तकात तीन-चार थांबे पुरेसे आहेत, आणि ते आधीच ठरवून पानांना कागदाच्या पातळ पट्ट्या लावून ठेवाव्यात.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसणे मात्र सगळ्यांनाच जड जाते. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळांच्या वर्गांत मोजणी केली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात असे दिसले. तोच वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि न बोलणारी मुलेही बोलू लागली. चार वर्षांच्या मुलासाठी मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावे.

आमच्या एका बैठकीत एक बाबा आपल्या मुलाला “सांग ना, पुढे काय झालं, सांग ना” असे दोन-तीनदा म्हणाले. मुलगा काहीच बोलला नाही. मी खूण केल्यावर ते थांबले. बऱ्याच वेळाने मुलाने पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तेथे एक गोगलगाय होती. मग त्याने आधीचे पान उलटले, त्याच्याही आधीचे उलटले. दर पानावर ती गोगलगाय होती आणि दर पानावर थोडी पुढे सरकली होती. ते पुस्तक मी तोवर पाचदा वाचले होते आणि मला ती एकदाही दिसली नव्हती. यात नवल नाही. २००५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी गोष्ट ऐकणाऱ्या चार वर्षांच्या मुलांच्या नजरेचा मागोवा घेतला, तेव्हा मुले मजकुराकडे क्वचितच पाहतात आणि त्यांची नजर चित्रांवरच फिरते असे दिसून आले. मोठ्यांची नजर अक्षरांना बांधलेली असते. म्हणूनच मुलाने मध्येच काही दाखवले तर ‘आधी गोष्ट ऐक’ असे म्हणू नये.

पालकांशी

पहिल्या बैठकीत नियम दोनच सांगावेत: मुलाच्या वतीने उत्तर द्यायचे नाही आणि फोन पिशवीत ठेवायचा. दुसरा नियम पहिल्यापेक्षा अवघड जातो, कारण छायाचित्र काढण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. त्यासाठी देवघेवीच्या वेळी दोन मिनिटे मोकळी ठेवली की तक्रार राहत नाही.

मुले कागदावर रेघोट्या ओढत असताना पालकांशी दहा मिनिटे बोलावे. ‘घरी किती वेळा वाचले’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी फुगवून मिळते. ‘घरी कोणत्या पानावर थांबलात’ असे विचारावे. वाचले असेल तर पान आठवते, त्यामागचा किस्साही येतो आणि तो ऐकून दुसऱ्या पालकाला काहीतरी सुचते. ज्यांचे वाचन झालेले नसते, त्यांना ओशाळवाणे वाटू देऊ नये. पुढच्या पंधरवड्यासाठी त्यांना शब्द नसलेले पुस्तक द्यावे. हस्तकलेचा कार्यक्रम दर वेळी हवाच असे नाही. कात्री आणि डिंक समोर आले की मोठी माणसेच कामाला लागतात आणि मुले बघत बसतात.

एखादे मूल पूर्ण वेळ दाराशी उभे राहिले तरी राहू द्यावे. तेथून ते ऐकत असते. एखादे पुस्तकावरच येऊन रेलले, तर त्याला पान उलटण्याचे काम द्यावे. एखादे चित्र पाहून कोणी घाबरले, तर पुस्तक मिटून त्याच्याच हाती द्यावे आणि उघडायचे की नाही हे त्याला ठरवू द्यावे.

पुस्तकांची देवघेव

बैठकीत वाचलेले पुस्तक घरी गेले नाही, तर सगळा खटाटोप अर्धवट राहतो. एकाच पुस्तकाच्या आठ प्रती मिळणे कठीण असते, म्हणून दोन-तीन प्रती फिरत्या ठेवाव्यात आणि बाकीच्यांना त्याच धाटणीची दुसरी पुस्तके द्यावीत. पानांची छायाचित्रे काढून ती पालकांमध्ये फिरवणे टाळावे. एक तर ते प्रताधिकाराच्या विरुद्ध जाते, आणि फोनवर पान उलटण्याची गंमतही उरत नाही. नोंदवहीत तारीख, मुलाचे नाव आणि पुस्तकाचे नाव एवढे पुरे.

पुस्तके फाटणारच. दंड ठेवला तर पालक पुस्तक कपाटावर ठेवतात. फाटलेले पान साध्या पारदर्शक चिकटपट्टीने जोडू नये, कारण काही काळाने तिचा डिंक पिवळा पडतो आणि शेजारच्या पानाला चिकटतो. पुस्तकदुरुस्तीसाठी मिळणारी कागदी पट्टी वापरावी. अगदी लहान भावंडे घरात असतील, तर जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तके द्यावीत.

तीन-चार बैठका झाल्या की सुरुवातीच्या मोकळ्या दहा मिनिटांत एखादे मूल ओळखीचे पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्या माणसाला ‘वाचून’ दाखवू लागते. ते दोन पाने एकदम उलटते, शेवट आधी सांगते आणि मधेच स्वतःचे काहीतरी घालते. त्याला दुरुस्त करू नये, बाकीच्यांना तेथे गोळा करू नये, आणि त्या दिवशीचे ठरलेले वाचन पाच मिनिटे उशिराने सुरू करावे.