परदेशी ऑर्डरचं पार्सल कस्टम्समध्ये अडकू नये म्हणून मालाची माहिती कशी तयार करावी

सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, मिरजेचा तानपुरा. यांची ऑर्डर आता न्यूजर्सीतून किंवा लंडनमधून थेट मोबाईलवर येते. माल चोख असतो, पॅकिंग भक्कम असतं, तरी पार्सल परदेशी विमानतळावर पडून राहतं. चौकशी केली की बऱ्याचदा एकच गोष्ट निघते. वर्णनाच्या रकान्यात नुसतं 'मसाला', 'हँडिक्राफ्ट' किंवा 'गिफ्ट' लिहिलेलं असतं.

कस्टम्सचा अधिकारी फार थोडी पार्सलं उघडतो. बाकीची तो कागदावरच्या माहितीवरून सोडतो किंवा अडवतो. ही माहिती पार्सलाच्या आधी पोचावी लागते. टपालाने जाणाऱ्या मालासाठी जागतिक टपाल संघटनेने १ जानेवारी २०२१ पासून आगाऊ इलेक्ट्रॉनिक माहिती सक्तीची केली आहे. त्यामुळे कुरिअरच्या काउंटरवर उभं राहून, मागे रांग लागलेली असताना फॉर्म भरायचा, ही सवय सोडावी लागते. माहिती माल बनतो तिथे बसून, कारागिराला विचारून भरायची. लाकूड कोणतं, तळ कशाचा, मसाल्यात मीठ किती, हे काउंटरवरच्या मुलाला कसं ठाऊक असणार?

आधी एक साधी एक्सेल शीट

प्रत्येक मालाला स्वतंत्र ओळ द्या. २०० ग्रॅमची हळद पावडर एक ओळ, ५०० ग्रॅमची दुसरी, अख्खं हळकुंड तिसरी. कॉलम असे ठेवा: तुमचा माल क्रमांक, वर्णन, कशापासून बनलाय, वापर, एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा कस्टम्सचा क्रमांक), मूळ देश, निव्वळ वजन, पॅकिंगसह वजन, एकक, विक्री किंमत आणि चलन. एक ओळ नीट भरायला सुरुवातीला अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. पुढच्या प्रत्येक ऑर्डरला तीच ओळ उचलायची असते.

वर्णन: न पाहिलेल्या माणसाला कळेल असं

ही वस्तू काय आहे, कशाची आहे, कशासाठी आहे, या तिन्हींचं उत्तर वर्णनात हवं. 'हळद' ऐवजी 'वाळवलेल्या हळदीची पावडर, स्वयंपाकासाठी, २०० ग्रॅमचं पाऊच'. 'चप्पल' ऐवजी 'पुरुषांची चामडी कोल्हापुरी चप्पल, अंगठ्याची, तळ चामड्याचा'. युरोपीय संघाने तर 'गिफ्ट', 'सॅम्पल', 'पार्ट्स' अशा मोघम शब्दांची यादीच केली आहे. तेवढंच लिहिलेलं वर्णन ते स्वीकारत नाहीत. लिस्टिंगवरची, म्हणजे ऑनलाइन विक्रीच्या पानावरची 'अस्सल', 'पारंपरिक', 'प्रीमियम' ही विशेषणं इथे काढून टाका. अधिकाऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही आणि कामाचा शब्द त्यांच्या गर्दीत हरवतो.

वर्णन लिहून झालं की ते धंद्याशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. घरातल्या कॉलेजच्या मुलीला वाचून वस्तू डोळ्यांसमोर आली, तर ते चाललं.

साहित्य: खरी मेहनत इथे आहे

मिरजेच्या तानपुऱ्याचंच उदाहरण घेऊ. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि परदेशातले शिकाऊ गायक थेट मिरजेत चौकशी करू लागले. पण कस्टम्सच्या नजरेने पाहिलं, तर एका तानपुऱ्यात पाच-सहा वेगळे पदार्थ आहेत. तुंबा वाळवलेल्या भोपळ्याचा. तबली (तुंब्यावरची पुढची फळी) आणि दांडी तून लाकडाची. खुंट्या बहुतेकदा शिसवी. कडेची पांढरी नक्षी सेल्युलॉइडची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची. आणि ज्यावर तारा टेकतात ती घोडी? ती लाकडाची, उंटाच्या हाडाची किंवा कृत्रिम, कशाचीही असू शकते. म्हणून कारागिराला विचारायचं, "अण्णा, या नगाची घोडी कशाची बसवलीय?" 'आपण नेहमी वापरतो तीच' या उत्तरावर थांबायचं नाही. नगागणिक विचारायचं.

एवढं खोदून विचारायचं कारण कायद्यात आहे. सांबरशिंगाची निर्यात आपल्याकडे वन्यजीव कायद्याने बंद आहे. जुन्या वाद्यांत ते सापडतं, त्यामुळे दुरुस्तीला आलेलं वाद्य परत पाठवताना जास्त जपायला हवं. उंटाचं हाड प्राणिजन्य म्हणून वेगळी विचारणा ओढवून घेऊ शकतं. पांढरी नक्षी स्कॅनवर किंवा फोटोत हस्तिदंतासारखी वाटते, म्हणून 'नक्षी सेल्युलॉइडची, हस्तिदंत नाही' हे शब्द वर्णनात घालाच. शिसवीचं अख्खं कूळ २०१७ पासून साइट्स करारात, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण कच्च्या लाकडाला ती लागू नाही. अमेरिकेचा लेसी कायदा लाकडाचं शास्त्रीय नाव आणि ते कुठल्या देशात तोडलं हेही विचारतो. तूनचं आजचं शास्त्रीय नाव 'तूना सिलिआटा' आहे. जुन्या पुस्तकातलं 'सेड्रेला तूना' उतरवू नका, कारण सेड्रेला नावाची दक्षिण अमेरिकेतली झाडं साइट्सच्या यादीत आहेत आणि नाहक घोळ होतो.

एवढं विचारून झालं की ओळ अशी दिसते: 'तानपुरा, चार तारा, नवा, हस्तनिर्मित. तबली व दांडी तून लाकूड, तुंबा वाळलेला भोपळा, खुंट्या शिसवी, घोडी लाकडी, नक्षी सेल्युलॉइड. हस्तिदंत किंवा शिंग नाही. १ नग. मूळ देश भारत.' फॉर्मवर हे इंग्रजीत जातं. पण आधी मराठीत, कारागिराच्या समोर लिहा. चूक असली तर तो तिथेच सांगेल.

लाकडी खोक्यात वाद्य पाठवत असाल, तर खोकंही तपासणीत धरलं जातं. ६ मिलिमीटरपेक्षा जाड कच्च्या लाकडाच्या पॅकिंगवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा. म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं किंवा मान्य पद्धतीने धुरी दिलेलं असावं. प्लायवूडला ही अट नाही. माझ्या मते लहान विक्रेत्याने सरळ प्लायवूड वापरावं.

एचएस कोड

पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे देशागणिक बदलतात. आपल्याकडे एकूण आठ, अमेरिकेत दहा. जीएसटीच्या बिलावर तुम्ही एचएसएन लिहिताच, तो याच पद्धतीचा कोड आहे. फक्त देशांतर्गत बिलावर चार किंवा सहा आकडे भागतात, निर्यातीला पूर्ण आठ लागतात.

वाळवलेल्या हळकुंडाला ०९१०३०२०, पावडरीला ०९१०३०३०. हळदीच्याच कॅप्सूल केल्या की त्या बहुधा २१०६ मध्ये, म्हणजे इतर खाद्यपदार्थांत जातात, आणि हळदीचा साबण ३४०१ मध्ये. शेतात एकच पीक असलं तरी कोड वस्तूच्या रूपावर ठरतो. बेदाणा ०८०६२०, तानपुरा आणि सतार ९२०२९०. चामड्याचा तळ आणि पावलावरून व अंगठ्याभोवती चामडी पट्टे असलेल्या पायताणासाठी ६४०३२० हे खास उपशीर्षक आहे, म्हणजे आपली कोल्हापुरीच. त्याच चपलेला रबरी तळ लावला की ती या उपशीर्षकातून बाहेर पडते. म्हणून तळाचा कॉलम वेगळा ठेवा.

अवघड प्रकरण कांदा-लसूण मसाल्याचं. नुसत्या मसाल्यांचं मिश्रण नवव्या प्रकरणात, म्हणजे ०९ ने सुरू होणाऱ्या कोडमध्ये राहतं. पण त्यात कांदा, लसूण, तेल, मीठ इतकं आलं की मसाल्याचा मूळ गुणधर्म उरला नाही, तर तो २१०३ मध्ये, म्हणजे सॉस आणि तयार चवीच्या मिश्रणांत जातो. हा निर्णय घटकांच्या प्रमाणावर होतो, त्यामुळे मसाला करणाऱ्या काकूंकडून घटकांची टक्केवारी लिहून घ्या आणि कोड कस्टम्स ब्रोकरकडून पक्का करा. दुसऱ्या विक्रेत्याच्या पानावरून कोड उचलू नका. त्याचा मसाला वेगळा, तुमचा वेगळा.

किंमत, वजन, मूळ देश

ग्राहकाने भरलेली खरी रक्कम लिहा. सवलत दिली असेल तर ती वेगळी दाखवा, मालवाहतूक आणि विमाही वेगळे. अमेरिका मालाच्या किमतीवर शुल्क मोजताना आंतरराष्ट्रीय वाहतूक धरत नाही, युरोप धरतो. दोन्ही आकडे सुटे असले की हिशेब बसतो. "दहाच डॉलर लिहा ना, ड्युटी वाचेल," असा आग्रह ग्राहक करतात. त्याला ठाम नकार द्या. लिस्टिंगवरची किंमत कुणालाही दिसते, आणि कमी लिहिलेल्या पार्सलाचा विमाही तेवढाच मिळतो. फुकट पाठवलेल्या नमुन्यालाही किंमत असते, शून्य लिहू नका.

वजन काट्यावर करा, अंदाजाने नाही. चपला जोडीत, वाद्यं नगात, हळद किलोत.

मूळ देश म्हणजे माल जिथे पिकला किंवा बनला तो. अफगाणी बेदाणा तासगावात निवडून, डब्यात भरून पाठवला तरी तो भारताचा होत नाही.

ग्राहकाचा देश काय मागतो

अमेरिकेने ८०० डॉलरखालच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवली. त्यामुळे पूर्वी सहज सुटणारं छोटं पार्सलही आता शुल्काच्या हिशेबात येतं आणि कोड चुकला तर ग्राहकाच्या खिशाला लागतं. विकायच्या खाद्यपदार्थांसाठी तिथल्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) कारखान्याची नोंदणी आणि पार्सल पोचण्याआधी पूर्वसूचना लागते. युरोपीय संघात २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ ला संपली. १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घेतला असेल, तर आयओएसएस क्रमांक (असा व्हॅट भरण्याच्या युरोपीय योजनेतला नोंदणी क्रमांक) माहितीत जायलाच हवा. दुधाचे पदार्थ तिथे साध्या पार्सलने घेत नाहीत, म्हणून साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचं लिस्टिंग त्या देशांसाठी बंद ठेवा. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीवरच आकारला जातो.

आपल्या बाजूचे कागद

आयईसी क्रमांक (आयात-निर्यातदाराचा कोड), बँकेचा एडी कोड (परकीय चलन व्यवहारासाठी अधिकृत शाखेचा), जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, दर आर्थिक वर्षाला नवं). खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) क्रमांक. हळद आणि इतर मसाल्यांसाठी मसाला मंडळाचं निर्यातदार नोंदणी प्रमाणपत्र. कुरिअरने व्यापारी माल जातो तेव्हा सीएसबी-५ (कुरिअर शिपिंग बिल) भरायला सांगा, टपालाने जातो तेव्हा पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट. ते डाकघर निर्यात केंद्रातून ऑनलाइन भरता येतं. या सगळ्यांवर फर्मचं नाव अक्षरशः एकसारखं हवं. एकावर 'अँड सन्स' आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरूनही बिल परत येतं.

पार्सल बंद करण्याआधी इनव्हॉइस, डब्यावरचं लेबल आणि लिस्टिंग शेजारी ठेवून ओळ ताडून पाहा. लेबलवर ५०० ग्रॅम आणि इनव्हॉइसवर ०.४ किलो असेल, तर ते तुम्हाला दिसायला हवं, परदेशातल्या अधिकाऱ्याला नाही.

शीटला शेवटचा एक कॉलम जोडा: कोड कधी तपासला ती तारीख. एचएस कोडची नवी आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे, आणि मधल्या काळात आपल्या अर्थसंकल्पातही आठ आकडी कोड बदलतात. दर फेब्रुवारीत ही तारीख पाहा आणि एक वर्षाहून जुन्या ओळी पुन्हा तपासा.