‘करप्याचं औषध द्या’ म्हणू नका: रोगाचं नाव घेताना या चुका टाळा

बेळगावच्या लाल मातीत बटाट्यावर करपा पडतो, खानापूरला भातावर पडतो तोही करपाच. दुकानात ‘करप्याचं औषध द्या’ म्हटलं की हाताला लागेल ती बाटली मिळते. नेमकं इथेच चुकतं. करपा म्हणजे नुसतं लक्षण; ते आणणारे जीव वेगवेगळे.

बटाट्याचंच बघा. खालच्या, जुन्या पानांवर वलयांचे तपकिरी डाग असतील तर तो लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया सोलानी ही बुरशी. गार, ढगाळ हवेत पाणथळ काळपट डाग आणि सकाळी पानाखाली पांढरी लव दिसली, तर तो उशिराचा करपा, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. 1845 पासून आयर्लंडचा बटाटा यानेच नासवला. हा बुरशीसारखा दिसतो, पण खऱ्या बुरशींच्या कुळातला नाही. म्हणूनच त्याच्यावर कार्बेन्डाझिम हे नेहमीचं बुरशीनाशक चालत नाही. मँकोझेबसोबत सायमोक्झॅनिल किंवा मेटॅलॅक्झिल असलेलं मिश्रण लागतं. झडीच्या दिवसांत एक फवारणी वाया गेली तरी अख्खं रान काळं पडतं.

भातातही तसंच. डोळ्याच्या आकाराचे डाग पायरिक्युलारिया बुरशीचे, त्याला ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक लागू पडतं. पान टोकाकडून कडेकडेने वाळत आलं तर तो कडा करपा. तो जिवाणूंचा, तिथे ट्रायसायक्लाझोलचे पैसे पाण्यात. पानाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. कापल्या जागेतून दुधाळ धार सुटली तर जिवाणू समजा आणि युरिया थांबवा.

उगार, अथणीकडे उसाचा तांबेरा (पानावर तांबूस पुळ्या आणणारा रोग) सोयाबीनवर आला, असं सर्रास बोललं जातं. तसं होत नाही. उसावर पक्सिनिया बुरशी असते, सोयाबीनवर फॅकोप्सोरा. उसाला दोष देण्यापेक्षा धारवाड विद्यापीठाचं तांबेऱ्याला दाद न देणारं डीएसबी 21 हे सोयाबीनचं वाण पेरा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. भाताच्या करप्याला कन्नडमध्ये बेंकी रोग म्हणतात, बटाट्याच्या करप्याला अंगमारी. अधिकारी कन्नड, शेतकरी मराठी, तेव्हा शास्त्रीय नाव कागदावर लिहून घ्या. शास्त्रीय नावंही बदलतात, हे ध्यानात ठेवा: उसाच्या चाबूक काणीची (शेंड्यातून काळा चाबकासारखा पट्टा काढणाऱ्या रोगाची) बुरशी जुन्या तक्त्यांत उस्टिलागो, आता स्पोरिसोरियम. बुरशी तीच, घाबरू नका.

मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना नेताना तो फवारणीआधीचा हवा. पूर्ण वाळलेलं पान नको. हिरवा आणि रोगट भाग जिथे मिळतो ती पानं वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये ती कुजतात आणि तपासणीत भलतीच बुरशी सापडते.